सुती

उद्यमनगरात माझं दुकान, लेथच्या दोन शेडांच्या मधी.
भिंत दिवसभर थरथरते.
सुईत दोरा ओवायचा तर शेजारचं मशीन थांबायची वाट बघतो.
चाळीस वर्षं मापं घेतली या हातानं :
वकिलांचे काळे कोट, मे महिन्यात बगलेत विरून येणारे,
केएमटीच्या कंडक्टरची खाकी,
सुट्ट्या पैशांनी उजवा खिसा कायम लोंबलेला,
गूळवाल्या अडत्याचा नेहरू शर्ट,
उसवलेला आणला की सोबत मुंग्याही यायच्या.
कापड बघून सांगतो माणूस कुठं राबतो,
तोंड बघायची गरज पडत नाही.

बुधवारी आक्काताई आली, लेकीला घेऊन.
प्रणोती. शिरोलीला फौंड्रीत लागली, सोमवारी हजर व्हायचं.
पिशवीत गुलाबी कापड, टिकल्यांचं.
"पहिला दिवस हाय, चार लोकांत बरं दिसाय पायजे."
"आई, मी भट्टीवर चाललोय, लग्नाला न्हवं."
पोरीनं वहीच्या पानावर चित्र काढून आणलेलं.
जाड सुती पँट. खाली दुमड नको.
पायची बुटावरनं पडाय पायजे, आत खोचायची न्हाई.
खिसा नकोच.
"का, ते ठाऊक हाय न्हवं?" मी विचारलं.
"ठिणगीला बसाय जागा ठेवायची न्हाई, काका."
असलं गिऱ्हाईक वर्षातनं एखादं येतं.

मग आक्काताईनं पिशवीच्या तळातनं शर्ट काढला.
दिनकरचा. निळ्या चौकड्यांचा टेरिकॉट,
कॉलरला अजून त्याच्या मानेचा डाग.
"ह्याचा तुकडा आतनं कुठंतरी लावा.
बापाचं कायतरी असू दे अंगाला."

मी आधी नव्या कापडातला दोरा ओढला, काडी लावली.
कागद जळल्याचा वास,
चिमूटभर राख, फुंकली की गेली.
मग दिनकरच्या शर्टातला.
तो आखडला, वितळला,
मोहरीएवढा काळा मणी झाला
आणि चिमट्याला चिकटून बसला.

कोणी बोललं नाही. लेथ तेवढं बोलत होतं.
आक्काताईनं तो मणी नखानं खरवडला, तळव्यावर घेतला.
"व्हय," म्हणाली, "असलंच निघालं हुतं नडगीतनं.
डॉक्टर एकेक काढून ताटलीत टाकायचा,
मी बाहेर बाकड्यावर बसून आवाज मोजत हुतो."

त्या दिवशीची पँट कोणी शिवली होती, तिनं विचारलं नाही.
मीच शिवली होती.
नवं कापड आलंय दिनकर, म्हणालो होतो,
इस्त्री मोडत नाही, धुतलं की तासात वाळतं,
भट्टीवर उभा राहिलास तरी साहेब दिसशील.
आणि तो आरशासमोर वळून वळून बघत होता
आपलीच क्रीज.

गुलाबी कापडाची घडी पिशवीत परत गेली. शर्टही.
"दोन जोड शिवा. सैल."

दोरासुद्धा सुतीच पाहिजे होता.
आता कोण ठेवतंय? महाद्वारात तीन दुकानं हिंडलो,
चौथ्यानं माळ्यावरनं जुनी रिळं काढून दिली, धूळ झटकत.
प्रत्येक शिवण दोनदा मारली.
शिलाई घ्यायची नाही असं ठरवलं होतं.
तिनं मोजून पुढं केली आणि मी घेतली.

सोमवारी सव्वासहाला शटर अर्धं वर होतं.
प्रणोती गाडीवरनं आली, थांबली नाही, नुसती हळू झाली.
कापडाची खळ मोडलेली नव्हती अजून,
पायची बुटावर दीड बोट जास्त पडलेली.
ती मुद्दाम सोडली होती मी.
तिनं डावा हात वर केला,
"येतो, काका."